प्राप्तिकराचा फॉर्म : राज्यसंस्थेने विचारलेल्या प्रश्नांचा १६५ वर्षांचा इतिहास

१/
२०१६-१७ या आर्थिक वर्षाच्या प्राप्तिकर विवरणपत्रात एक वेगळा रकाना होता. ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळात बँकेत एकूण दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोकड भरली असल्यास तिची नोंद त्यात करायची होती. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममधून तो नाहीसा झाला. नोटाबंदीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र या घटनेने सरकारी कागदावर सोडलेल्या सर्वांत नेमक्या खुणांपैकी एक म्हणजे हा एका वर्षाचा रकाना.

२/
अशा खुणा आणखी सापडतात. २०१९-२० च्या विवरणपत्रात एक जादा परिशिष्ट होते. कोविडच्या टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० नंतरच्या काही महिन्यांत केलेली गुंतवणूकही मागील वर्षाच्या वजावटीसाठी दाखवण्याची मुभा त्यात होती. २०२४-२५ च्या विवरणपत्रात भांडवली नफ्याचे दोन भाग करावे लागले : २३ जुलै २०२४ पूर्वीचा आणि त्या दिवसापासूनचा. कारण त्या दिवशी मांडलेल्या अर्थसंकल्पाने वर्षाच्या मध्यावरच दर बदलले.

३/
इतिहासाचे अभ्यासक ताम्रपट, सनदा आणि महजर वाचतात. कराचा फॉर्म मात्र दुर्लक्षित राहतो, कारण तो रूक्ष असतो. तरीही फॉर्म म्हणजे राज्यसंस्थेने प्रजेला विचारलेली प्रश्नावलीच होय. काय विचारावे, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा आणि उत्तर शोधण्याचे श्रम कोणी करावेत, या तीन गोष्टी प्रत्येक बदलात नव्याने ठरतात. ‘फॉर्म सोपा झाला’ या दरवर्षीच्या घोषणेची परीक्षाही याच तीन निकषांवर व्हायला हवी.

४/
आरंभ १८६० चा. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकार कर्जात बुडाले होते. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक जेम्स विल्सन व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा पहिला अर्थसदस्य म्हणून कलकत्त्यास आला. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने अर्थसंकल्प मांडला आणि २४ जुलैपासून प्राप्तिकर लागू झाला. वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर दोन टक्के आणि त्यापुढे चार टक्के असा दर होता. ११ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या अठरा दिवसांनी, विल्सन कलकत्त्यातच वारला.

५/
कायद्याचा साचा इंग्लंडचा होता. जमीन, व्यापार-व्यवसाय, सरकारी रोखे आणि पगार-निवृत्तिवेतन अशा चार परिशिष्टांत उत्पन्न विभागले गेले. लंडनच्या व्यापाऱ्याला हे प्रश्न परिचयाचे होते. इथल्या बहुसंख्य लोकांना अक्षरओळखही नव्हती. ज्यांच्या वह्या होत्या, त्यांचा हिशेब वर्षाच्या नफ्याचा नसून उधारी-जमेचा आणि एकत्र कुटुंबाचा होता. ‘तुझे वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न सरळ दिसे. पण त्याचे उत्तर ज्या हिशेबातून निघते, तो हिशेबच वेगळा होता.

६/
विरोध सरकारच्या आतूनही झाला. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने आपला आक्षेप जाहीरपणे प्रसिद्ध केला आणि त्याला परत बोलावण्यात आले. विल्सननंतर आलेल्या सॅम्युएल लेंगच्या काळात, दुसऱ्या वर्षी नवी विवरणे मागण्याऐवजी पहिल्याच वर्षीची आकारणी पुढे चालवली गेली. १८६२ मध्ये करमुक्त मर्यादा ५०० रुपयांवर नेऊन लहान उत्पन्ने वगळण्यात आली. १८६५ मध्ये हा कर संपला. फॉर्म हरला, असे म्हणायला हरकत नाही.

७/
प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळत नसेल, तर राज्यसंस्था प्रश्न विचारणे सोडते आणि स्वतःच उत्तर ठरवते. १८६७ चा लायसन्स टॅक्स हे त्याचे उदाहरण. धंदेवाल्यांचे वर्ग पाडायचे आणि वर्गानुसार रक्कम घ्यायची. मधल्या काळात प्राप्तिकर परत आला आणि १८७३ मध्ये पुन्हा गेला. दुष्काळानंतर १८७८ मध्ये लायसन्स टॅक्स पुन्हा आला, तेव्हा सुरतेत दंगल उसळली. नुकत्याच दुष्काळातून गेलेल्या मुलखात लहान धंदेवाल्यावर बसलेला हा बोजा होता.

८/
१८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर कायमचा झाला. शेतीचे उत्पन्न वगळले गेले. तो अपवाद आजही टिकून आहे. आकारणीचे काम कलेक्टरकडे होते. तो माहिती गोळा करी, आकडा ठरवी, आणि तो ज्याला मान्य नसेल त्याने कलेक्टरकडेच अर्ज करावा, अशी रीत होती. म्हणजे सरकार आधी बोले आणि नागरिक नंतर हरकत घेई. ही रीत ध्यानात ठेवावी, कारण सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती एका नव्या रूपात परत येणार होती.

९/
१९२२ च्या कायद्याने आजच्या व्यवस्थेचा पाया घातला. त्यात एक लहान वाटणारी, पण दूरगामी गोष्ट होती. कराची पद्धत कायद्यात राहिली आणि दर मात्र प्रतिवर्षीच्या वित्त अधिनियमाने ठरू लागले. दरवर्षी अर्थसंकल्प, दरवर्षी नवे दर, म्हणून दरवर्षी फॉर्ममध्ये फेरफार. तरुण करदात्याला आज जो वार्षिक गोंधळ जाणवतो, त्याची व्यवस्था शंभर वर्षांपूर्वीच लागली आहे.

१०/
दुसरे वळण १९३९ च्या दुरुस्तीचे. तोपर्यंत विवरण मागण्यासाठी अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला नोटीस पाठवणे हा मुख्य मार्ग होता. दुरुस्तीनंतर सर्वसाधारण जाहीर सूचना पुरेशी ठरली. मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्याने स्वतःहून विवरण भरावे, असा नियम झाला. वरवर हा प्रशासकीय बदल दिसतो. वस्तुतः नाते बदलले. पूर्वी न विचारल्यास गप्प राहता येत होते. आता गप्प राहणे हाच दोष ठरला.

११/
स्वातंत्र्यानंतर एक महत्त्वाकांक्षी कल्पना पुढे आली. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ मध्ये केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी भारतीय करपद्धतीवर अहवाल दिला. उत्पन्न, भांडवली नफा, संपत्ती, खर्च आणि देणग्या या सर्वांवर कर असावा आणि साऱ्यांची माहिती एकाच सर्वंकष विवरणपत्रात घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. एका रकान्यात लपवलेले दुसऱ्या रकान्यात उघडे पडेल, ही त्यामागची युक्ती.

१२/
त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. काल्डॉर यांच्या सूचना पुढे अंशतः अमलात आल्या : १९५७ मध्ये संपत्ती कर आणि खर्चावरील कर, १९५८ मध्ये देणगी कर. खर्चावरील कर १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये परतला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. देणगी कर १९९८ मध्ये, तर संपत्ती कर २०१५ मध्ये संपला. कर गेले, पण ‘सर्व माहिती एका फॉर्मात’ ही कल्पना गेली नाही.

१३/
१९६१ चा कायदा १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. पुढच्या दशकात दर इतके चढले, की १९७३-७४ मध्ये सर्वोच्च टप्प्यावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. शंभर रुपयांतील सव्वादोन रुपये हाती राहत. माजी सरन्यायाधीश के. एन. वांच्छू यांच्या समितीने चढे दर हे करचुकवेगिरीचे मोठे कारण मानले होते. ज्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे म्हणजे जवळजवळ सर्वस्व देणे, त्याचे खरे उत्तर कोणताही फॉर्म मिळवू शकत नाही. फॉर्मची विश्वासार्हता दरावरही अवलंबून असते.

१४/
१९९७ मध्ये दर दहा, वीस आणि तीस टक्क्यांवर आले. त्याबरोबर एक नवी प्रश्नावलीही आली. ठरावीक शहरांत घर, मोटार, टेलिफोन आणि परदेशप्रवास यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी ज्याला लागू असतील, त्याने उत्पन्न कितीही असो, विवरण भरावे. पुढच्या वर्षी यात क्रेडिट कार्ड आणि क्लबचे सदस्यत्व यांची भर पडली. सहांपैकी एक लागू असले तरी पुरे. टेलिफोन हे एके काळी श्रीमंतीचे लक्षण होते, याचा याहून चांगला लेखी पुरावा शोधूनही सापडणार नाही. २००६ मध्ये ही योजना मोडीत निघाली.

१५/
१९९८ मध्ये ‘सरल’ आला : एका पानाचा फॉर्म. त्याच्याबरोबर फॉर्म १६ व अन्य पुरावे जोडायचे असत. २००७ मध्ये फॉर्मची संपूर्ण मालिका बदलली. आयटीआर-१ पासून आयटीआर-८ पर्यंत वेगवेगळे नमुने आले आणि सोबत काहीही जोडू नये, असे सांगण्यात आले. कागद घरी ठेवा, विचारले तर दाखवा. हा विश्वासाचा बदल होता. २०११ मध्ये ‘सहज’ आणि ‘सुगम’ ही नावे आली.

१६/
इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाने कमी झाली म्हणजे प्रश्न कमी झाले, असे नव्हे. जोडपत्रे गेली, तेव्हा त्यांतील माहिती बँका, मालक आणि कंपन्या यांच्याकडून थेट सरकारकडे जाऊ लागली. नागरिकाला कमी विचारले जाऊ लागले, कारण त्याच्याविषयी इतरांना अधिक विचारले जाऊ लागले. सोपेपणा खरा होता. पण प्रश्नाचे केवळ ठिकाण बदलले होते.

१७/
एप्रिल २०१५ मध्ये १४ पानांचा फॉर्म अधिसूचित झाला. सर्व बँक खाती आणि प्रत्येक परदेशप्रवासाचा खर्च त्यात विचारला होता. टीका झाली, अर्थमंत्री अरुण जेटली यांनी फॉर्म थांबवला, आणि काही आठवड्यांनी मुख्य भाग तीन पानांवर आणला गेला. प्रवासाच्या तपशिलाऐवजी फक्त पासपोर्ट क्रमांक उरला. समाजमाध्यमांवर हा नागरिकांचा विजय मानला गेला.

१८/
तो विजय किती टिकला? २०१९ मध्ये कायद्यातच तरतूद आली. परदेशप्रवासावर दोन लाखांहून अधिक किंवा विजेवर एक लाखाहून अधिक खर्च केला असेल, अथवा चालू खात्यांत एक कोटीहून अधिक रक्कम भरली असेल, तर उत्पन्न करपात्र नसले तरी विवरण बंधनकारक. पुढच्या फॉर्ममध्ये त्या रकमांचे रकाने आले. १९९७ चा परदेशप्रवास २००६ मध्ये गेला, २०१५ मध्ये आला आणि गेला, २०१९ मध्ये पुन्हा आला. रद्द झालेला प्रश्न बहुधा मरत नाही; तो फाइलमध्ये वाट पाहतो.

१९/
काल्डॉर यांचेही तसेच झाले. संपत्ती कर रद्द करताना २०१५ च्या अर्थसंकल्पात सांगितले गेले, की मालमत्तेची माहिती प्राप्तिकर विवरणपत्रातच घेतली जाईल. २०१६ मध्ये पन्नास लाखांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी मालमत्ता व देणी यांचे परिशिष्ट आले. २०२४-२५ च्या विवरणपत्रापासून ही मर्यादा एक कोटी झाली. कर संपला, रकाना राहिला.

२०/
नोव्हेंबर २०२१ पासून ‘वार्षिक माहिती विवरण’ उपलब्ध झाले. पगार, व्याज, लाभांश, शेअर-व्यवहार असे पुष्कळ काही त्यात आधीच नोंदलेले असते, आणि फॉर्मही बराचसा भरून मिळतो. सोय मोठी आहे, हे नाकारता येत नाही. पण प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी फॉर्म म्हणे, ‘सांग’. आता तो म्हणतो, ‘आम्ही हे जाणतो, मान्य आहे का?’

२१/
ही १८८६ ची रीत आहे : सरकारने आधी आकडा मांडावा, नागरिकाने नंतर हरकत घ्यावी. फरकही तितकाच खरा आहे. कलेक्टरची माहिती गुप्त चौकशीतून येई. आजची नोंद करदात्याला पाहता येते आणि तिच्यावर अभिप्राय देता येतो. मात्र एक असमतोल उरतोच. नागरिकाने उत्पन्न कमी दाखवले तर चुकवलेल्या कराच्या ५० टक्के, आणि खोटी माहिती दिली तर २०० टक्के दंडाची तरतूद आहे. सरकारी नोंदीत चूक असेल, तर ती शोधण्याचे श्रम नागरिकाचेच.

२२/
लहान शब्दांचे महत्त्वही याच काळात दिसते. २०२० मध्ये नवी करप्रणाली आली, तेव्हा फॉर्म विचारी, ‘नवी प्रणाली स्वीकारता का?’ २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ मानली गेली आणि प्रश्न उलटला : ‘नव्या प्रणालीतून बाहेर पडता का?’ मागच्या वर्षी ‘नाही’ लिहिणारा जुन्या प्रणालीत राहत होता. पुढच्या वर्षी तेच ‘नाही’ त्याला नव्या प्रणालीत नेऊन ठेवत होते. पाने वाढली नाहीत, रकाना वाढला नाही, तरी अर्थ संपूर्ण बदलला.

२३/
प्रतिपक्षाचे म्हणणे गंभीर आहे. पगारदाराचा कर कापूनच पगार हाती येतो; लपवण्याची संधी ज्यांना आहे, ते वेगळे. तपशील न विचारल्यास खोट्या वजावटींचे फावते आणि त्याचा भार प्रामाणिक माणसावर पडतो. म्हणूनच २०२४-२५ च्या विवरणपत्रात जुन्या प्रणालीतील वजावटींसाठी विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव असे तपशील मागितले गेले. हे प्रश्न अन्यायाचे नाहीत. अन्याय कशात आहे, तर ते केव्हा विचारले जातात यात.

२४/
त्या वर्षीचे फॉर्म आर्थिक वर्ष उलटून गेल्यानंतर, एप्रिल-मे २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बदल मोठे असल्याने ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढली, पण जे वर्ष संपले, त्याचे कागद मागे जाऊन जमवता येत नाहीत. २३ जुलैपूर्वीचा नफा वेगळा ठेवायचा होता, हे निदान अर्थसंकल्पाने सांगितले होते. फॉर्मने नव्याने मागितलेल्या तपशिलाची तशी पूर्वसूचना कोणाला मिळाली नाही. तारखेपूर्वी फॉर्म देणे अशक्य नाही : २०२३-२४ या वर्षाचे पहिले दोन फॉर्म वर्ष चालू असतानाच, डिसेंबर २०२३ मध्ये, प्रसिद्ध झाले होते.

२५/
हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. प्राप्तिकर अधिनियम २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरला. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले. २०२५-२६ चे विवरण जुन्या कायद्याच्या भाषेत आणि २०२६-२७ चे नव्या भाषेत, अशा दोन परिभाषा काही काळ शेजारी शेजारी नांदतात. भाषा सोपी झाली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण भाषा सोपी होणे आणि व्यवहार न्याय्य होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२६/
१८६० पासूनचा इतिहास तीन कसोट्या सुचवतो. एक : ज्या वर्षाचा हिशेब मागायचा, त्या वर्षाच्या आरंभीच प्रश्न ठाऊक असावेत. दोन : सरकारी नोंदीतील चूक दुरुस्त करणे नागरिकाला तितकेच सोपे असावे, जितके त्याची चूक पकडणे सरकारला आहे. तीन : प्रत्येक नव्या रकान्याबरोबर तो का आला, आणि गेला तर का गेला, याचे कारण साध्या भाषेत प्रसिद्ध व्हावे. पानांची संख्या ही कसोटी नव्हे.

२७/
तिसऱ्या कसोटीचा इतिहासाशी थेट संबंध आहे. कायदे ग्रंथालयात राहतात; बाद झालेले फॉर्म रद्दीत जातात. पुष्कळ मराठी घरांत, कपाटातल्या जुन्या फायलीत, आजोबांनी किंवा वडिलांनी भरलेल्या ‘सरल’ची प्रत अजून असेल. त्यावर उत्पन्नाचा आकडा असेल, पण त्याहून मोलाचे आहेत त्यावरचे प्रश्न. एका राज्यसंस्थेला एका वर्षी आपल्या नागरिकाविषयी काय जाणून घ्यावेसे वाटले, हे त्यांवरून कळते. ती फाइल रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी एकदा वाचली जावी.